एकमेकांकडून शिकणे : महाराष्ट्रातील आरोग्यशिक्षकांच्या घडणीचा भाषिक इतिहास

आरोग्यसेवेतील निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवावे, हा विचार आता जगभर मान्य झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ साली ह्या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि २०१० साली अधिक विस्तृत असा कृति-आराखडा मांडला. ह्या शिक्षणाची जी व्याख्या आज सर्वत्र उद्धृत होते ती मूळची ब्रिटनमधील होय. दोन किंवा अधिक व्यवसायांतील व्यक्तींनी एकमेकांसह, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे, असा तिचा आशय आहे. व्याख्या आखूड आहे; परंतु तिचा सारा भार तीन शब्दयोगी अव्ययांवर पडलेला आहे, आणि ह्या तिन्हींचे वजन सारखे नाही. 'सह'ची पूर्तता एका प्रशस्त खोलीने होते. 'विषयी'ची पूर्तता एखाद्या बऱ्या पाठ्यपुस्तकाने होऊ शकते. 'कडून' हे अव्यय मात्र ज्या नामाला लागते त्या व्यक्तीपाशी देण्याजोगे काही आहे, हे बोलणाऱ्याने अगोदरच मान्य केलेले असते. शल्यचिकित्सकाने परिचारिकेकडून, परिचारिकेने औषधनिर्मात्याकडून आणि त्या तिघांनी खेड्यातील सुईणीकडून शिकावे, असे म्हणताच वर्गातील आसनव्यवस्थाच नव्हे, तर समाजातील प्रतिष्ठेची उतरंडही हलते.

अशा वर्गासाठी शिक्षक कसा तयार करावा, हा ह्या विषयाचा गाभा आहे. मराठीत 'शिकणे' ह्या धातूचे प्रयोजक रूप 'शिकविणे' असे होते. प्रयोजक क्रियापदात क्रियेचे कर्तृत्व करविणाऱ्याकडे जाते आणि शिकणारा कर्माच्या जागी येतो. मिश्र वर्गातील शिक्षकाकडून जे अपेक्षित आहे ते ह्या रूपाने व्यक्त होत नाही. त्यासाठी 'शिकू देणे' हे अनुज्ञावाचक संयुक्त क्रियापदच अधिक जवळचे आहे. अलीकडे 'सुलभक' असा एक शब्द प्रशिक्षणाच्या परिपत्रकांतून रूढ झालेला आहे. तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी त्यातून शिक्षकाने काय सोडावयाचे आहे ह्याचा बोध होत नाही. जणू सर्व काही सुलभ करणे एवढेच त्याचे काम! वस्तुतः प्रयोजकातून अनुज्ञेत येणे हे अनुभवी अध्यापकाला फार अवघड जाते, आणि महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास पाहिला असता ते अवघड का जाते ह्याची काही कारणे हाती लागतात.

ह्या इतिहासाचा आरंभ बहुधा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून, म्हणजे १८४५ सालापासून, केला जातो. तथापि त्यापूर्वी १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते आणि वर्गासाठी वैद्यकविषयक मजकूर देशी भाषांत आणण्याचे कष्ट त्यांनी घेतले. १८३२ साली ती बंद पडली. ग्रँट महाविद्यालयात अध्यापनाची भाषा इंग्रजी ठरली. पुढे १८६१ साली त्याच महाविद्यालयात मराठी व गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग जोडले गेले. त्यांतून सरकारी दवाखान्यांना हवे असलेले हॉस्पिटल असिस्टंट तयार व्हावयाचे होते. १८७८ साली पुण्यात बैरामजी जीजीभाई ह्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा सुरू झाली, तीही ह्याच गरजेतून.

मातृभाषेचे अभिमानी अभ्यासक ह्या वर्गांकडे मराठीतील वैद्यकशिक्षणाचा उष:काल म्हणून पाहतात. ते खोटे नाही. ग्रँटमध्ये वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्यासारख्या व्यक्तींनी मराठीत वैद्यकावर ग्रंथरचना केली, ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. परंतु ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. इंग्रजीतून शिकलेला तो डॉक्टर आणि मराठीतून शिकलेला तो त्याचा मदतनीस, अशी पदांची विभागणी भाषेच्या रेषेवर झाली. इंग्रजीतून मराठीत ज्ञान उतरत असे. मराठीतून इंग्रजीत चढण्याची वाट कोणी बांधली नाही. दवाखान्यात रोग्याशी ज्याचा अधिक संबंध येई, रोग्याची भाषा ज्याला कळे, त्याच्या बोलण्याला पाठ्यपुस्तकात स्थान नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्यास सुरुवात केली, तेव्हा रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विधवांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न सोडवावयाचा होता. परिचारिका व डॉक्टर ह्यांच्या परस्परशिक्षणाचा प्रश्न त्या काळी कोणाच्या डोळ्यांपुढे येणे शक्यच नव्हते. सुईण तर कुठल्याच वर्गात नव्हती.

१९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल सादर केलेल्या भोर समितीने दुय्यम पदविका बंद करून एकाच प्रतीचा मूलभूत डॉक्टर घडवावा, अशी शिफारस केली. पदव्यांतील भेद नाहीसा करण्याचा हा हेतू स्तुत्य होता. मात्र एक गोष्ट घडली : उतरंडीची मधली पायरी काढली गेली आणि वरची व खालची ह्यांमधील अंतर तसेच राहिले. समितीच्या विचारातून उभ्या राहिलेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या १९५६ च्या कायद्यात आरोग्यकार्याच्या सर्व महत्त्वाच्या शाखांतील व्यक्तींच्या शिक्षणाची सोय एकाच ठिकाणी आणावी, असा उद्देश नमूद आहे. 'एकाच ठिकाणी' ह्या शब्दांचा अर्थ एकाच आवारात असा होतो, की एकाच वर्गात असा, हे कायद्याने सांगितलेले नाही. आणि व्यवहाराने बहुधा पहिलाच अर्थ स्वीकारला.

दुसऱ्या अर्थाचा एक विलक्षण दाखला शोधावयाचा झाला तर महाराष्ट्राबाहेर, किंबहुना भारताबाहेर जावे लागते. पण त्याचे मूळ सोलापुरात आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस हे होते. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून रक्तदोषाने मरण पावले. त्यांच्या खटपटीने उत्तर चीनच्या युद्धक्षेत्रात निघालेल्या शाळेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९४० साली कोटणीस ह्या शाळेत शल्यचिकित्सेचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

महाराष्ट्राला कोटणीस ठाऊक आहेत ते मुख्यतः १९४६ सालच्या व्ही. शांताराम ह्यांच्या चित्रपटामुळे. त्या चित्रपटाने त्यांना रणांगणावरचा वीर केले, आणि त्या वीराच्या छायेत त्यांच्यातील शिक्षक झाकला गेला. खरे पाहता बेथ्यून शाळेची रचनाच ह्या लेखाच्या विषयाशी थेट भिडणारी आहे. तेथे सैन्यातील डॉक्टर, औषध तयार करणारे आणि परिचारक ह्या तिघांचे वर्ग एकाच छत्राखाली चालत. छत्र म्हणावयाचे तेही लाक्षणिक अर्थानेच, कारण शाळा हेबेई प्रांतातील खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरांत भरे आणि शत्रू जवळ आला की उठून दुसऱ्या खेड्यात जाई. पुरेशी माणसे नव्हती, पुरेशी पुस्तके नव्हती. जखमीची पट्टी बदलणाऱ्याने वेळ आली असता भूल देणाऱ्यास मदत करावी लागे. अशा स्थितीत एका व्यवसायाचे ज्ञान दुसऱ्यापासून कुलूपबंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते.

ह्या शाळेत कोटणिसांनी चिनी भाषेत व्याख्याने दिली. मूळची ज्याची ती भाषा नव्हती, त्याने अल्प काळात तीतून शल्यशास्त्र शिकवावे आणि विद्यार्थ्यांसाठी त्याच भाषेत शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तकही सिद्ध करावे, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटेल. परकी भाषा प्रौढ वयात शिकणारा शिक्षक जेव्हा त्याच भाषेत वर्ग घेतो, तेव्हा त्याची प्रत्येक चूक वर्गाला कळते. स्वरभेदाने अर्थ बदलणाऱ्या चिनीसारख्या भाषेत तर उच्चार सुधारून घेतल्यावाचून व्याख्यान पुढे सरकणारच नाही. शरीरशास्त्रात शिक्षक वरचा आणि शब्दांत विद्यार्थी वरचा, असे दुहेरी नाते त्या वर्गात असले पाहिजे. हे अनुमान होय. परंतु भाषा-अध्यापनाच्या सर्वसाधारण अनुभवाशी ते जुळणारे आहे. त्याच शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान ह्यांच्याशी कोटणिसांचा १९४१ साली विवाह झाला. एक शल्यचिकित्सा शिकवीत होता, दुसरी परिचर्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी यिनहुआ ठेवले. त्या नावात भारत आणि चीन ह्या दोन्ही देशांची चिनी संज्ञाक्षरे एकत्र आली आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणिसांचा अंत झाला. त्यांचा दुसरा ग्रंथ अपुराच राहिला.

सोलापूर हे बहुभाषी नगर असल्यामुळे कोटणिसांना ही शक्ती लाभली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. शुक्रवार पेठेत किंवा कोणत्याही जुन्या पेठेत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी ह्यांचे बोल कानी पडतात आणि मूल शाळेत जाण्यापूर्वीच दोन-तीन भाषांशी परिचित होते, हे खरे आहे. पण त्याच नगरात वाढलेली इतर असंख्य माणसे आयुष्यभर एकाच भाषेत हुकूम सोडीत राहिली, हेही तितकेच खरे आहे. परिसर संधी देतो. ती घ्यावी असे वाटण्यास गरज लागते, आणि कोटणिसांची गरज युद्धाने निर्माण केली होती.

युद्ध नसताना ही गरज कशी निर्माण करावयाची, ह्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात मिळते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित साहाय्यक परिचारिका-प्रसाविका खेड्यांत ठेवाव्यात, अशी त्यांची पहिली योजना होती. ती फसली. बाहेरून आलेली गणवेशातील तरुणी एकटीने खेड्यात राहू शकेना आणि गावातील बायाही तिच्याशी मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातून एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. ह्या स्त्रिया बहुतांशी निरक्षर किंवा नाममात्र शिकलेल्या होत्या, आणि त्यांत दलित समाजातील स्त्रियाही होत्या.

येथे शिक्षकाच्या शिक्षणाचा खरा प्रश्न उभा राहिला. परिचारिकेने ज्या विद्येसाठी तीन वर्षे वेचली, ती विद्या तिने अक्षरशत्रू स्त्रीला का द्यावी? दिली तर तिचे स्वतःचे काय उरले? वैद्यकावरील गूढतेचे आवरण काढून टाकावे, हा आरोळे दांपत्याचा आग्रह होता; पण ते आवरण काढावयाचे तर प्रथम शिकविणाऱ्यांचीच समजूत घालणे प्राप्त होते. जामखेडच्या कार्यपद्धतीतील सर्वांत अभ्यसनीय भाग हाच आहे. गावोगावच्या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येऊन मुक्काम करीत, आठवड्यातील अनुभव सांगत, आणि त्या अनुभवांवरून पुढचा पाठ ठरे. म्हणजे पाठ्यक्रमाचा पहिला शब्द विद्यार्थिनीच्या तोंडून येई. डॉक्टर किंवा परिचारिका त्याला उत्तर देई. अध्यापनशास्त्रातील मोठमोठ्या उपपत्ती बाजूला ठेवल्या, तरी बोलण्याचा हा क्रम उलटणे हीच शिक्षकाची दीक्षा होती. रात्री सर्वजणींनी एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपावे, ही प्रथाही जातीच्या अंतरावरचा उपाय म्हणून मुद्दाम घातलेली होती. व्याख्यानाने जे अंतर कमी झाले नसते ते थंडीने कमी केले!

पुढे अनुभवी ग्रामआरोग्यसेविकाच नव्या सेविकांना शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या परिसरातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली हजारी १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. ह्या घटीचे श्रेय केवळ अध्यापनपद्धतीला देणे अशास्त्रीय होईल. पाणी, अन्न, लसीकरण ह्यांचाही त्यात वाटा आहे. पण हे सारे घरोघरी पोहोचविणाऱ्या व्यक्ती त्या वर्गातून आल्या होत्या, हे विसरता येत नाही. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने हीच दिशा साधनाच्या अंगाने पुढे नेली. बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला किती श्वास होतात हे मोजावे लागते. दोन महिन्यांखालील अर्भकात साठ आणि त्याहून मोठ्या तान्ह्यात पन्नास ही धोक्याची मर्यादा. ज्या दायांना एवढी संख्या मोजता येत नव्हती त्यांना अंक शिकविण्याऐवजी संस्थेने मण्यांचे श्वासमापक तयार केले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळूचे घड्याळ संपण्यापूर्वी तांबडा मणी आला तर आजार गंभीर समजावयाचा. विद्यार्थिनीला जमत नसेल तर दोष तिच्या ठायी न शोधता आपल्या भाषेत आणि साधनात शोधणे, ही शिक्षकाची शिस्त येथे मण्यांच्या रूपाने दिसते.

शासकीय आणि विद्यापीठीय पातळीवर शिक्षकांचे शिक्षण ह्याच काळात, पण वेगळ्या वाटेने चालले होते. १९७५ साली पुदुच्चेरीच्या जवाहरलाल संस्थेत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण केंद्र निघाले. १९९७ च्या नियमावलीने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा असे सांगितले, आणि २००९ पासून अध्यापकांच्या प्रशिक्षणाला देशव्यापी स्वरूप आले. ज्या महाविद्यालयात कोटणीस शिकले तेथेच २००५ साली आरोग्यव्यवसायांतील अध्यापकांसाठी दोन वर्षांचा एक अभ्यासवृत्ती-उपक्रम सुरू झाला, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार ह्या सर्व शाखा एका विद्यापीठात आणल्या. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय पाठ्यक्रमाने डॉक्टरच्या पाच भूमिकांमध्ये आरोग्यपथकाचा नेता व घटक ही एक भूमिका सांगितली आहे. नेता हा शब्द प्रथम आणि घटक हा नंतर आला आहे, ह्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ह्या प्रशिक्षणवर्गांतून उद्दिष्टे कशी लिहावीत, परीक्षा कशी घ्यावी, लहान गटांत चर्चा कशी चालवावी, हे शिकविले जाते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु डॉक्टरांचे शिक्षक डॉक्टरांच्या वर्गात आणि परिचारिकांच्या शिक्षिका त्यांच्या वर्गात शिकून आल्या, तर दोघांनी मिळून एक वर्ग चालविण्याचा सराव कोणालाच झालेला नसतो.

ह्या उणिवेचे परिणाम कोठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कक्षात ऐकू येतात. 'ऐकू येतात' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत संबोधनांची एक ठरलेली व्यवस्था आहे. डॉक्टर 'सर' किंवा 'मॅडम', परिचारिका 'सिस्टर', आणि झाडलोट व रोग्याची शुश्रूषा करणारे 'मामा' व 'मावशी'. पन्नाशीतील सिस्टर तेवीस वर्षांच्या आंतरवासीयाला 'सर' म्हणते. 'मामा' आणि 'मावशी' ही आईच्या माहेरची, मराठी मनाला सर्वांत जिव्हाळ्याची नाती. पण कक्षात ती नाती माणसाला जवळही आणतात आणि त्याच्या जागी खिळवूनही ठेवतात. मावशीकडून काम करून घेतले जाते, मत घेतले जात नाही. येथे 'कडून' हे अव्यय आहे, परंतु ते करण अर्थाचे आहे, अपादान अर्थाचे नाही.

सोलापूरसारख्या नगरात ह्याची किंमत अधिक मोजावी लागते. १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयामुळे हे शहर वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र झाले. येथील दवाखान्यांत धाराशिवकडून, तसेच कर्नाटकातील विजयपूर व कलबुर्गीकडून रोगी येत असतात. पूर्व भागातील विणकर स्त्री घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची म्हातारी कन्नड. अशा रोग्याला सकाळपासून लघवी झालेली नाही, किंवा दिलेली गोळी त्याने उशाखाली ठेवली आहे, ही गोष्ट पुष्कळदा त्याची भाषा जाणणाऱ्या मावशीलाच प्रथम कळण्याचा संभव असतो. केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. राउंडमध्ये वरिष्ठ डॉक्टर कनिष्ठाला विचारतो, कनिष्ठ सिस्टरकडे पाहतो; मावशी त्या वर्तुळाच्या बाहेर उभी असते. तिला ठाऊक असलेली गोष्ट तेलुगूतून मराठीत येते आणि तेथेच थांबते. १८६१ च्या वर्गांनी आखलेली भाषेची रेषा दीडशेहून अधिक वर्षांनंतर पलंगाच्या पायथ्याशी अशी उमटलेली दिसते.

तेव्हा मिश्र वर्गाच्या शिक्षकाला जे शिकवावयाचे ते बव्हंशी संभाषणाच्या क्रमाविषयी आहे : पहिला शब्द कोणाला द्यावा, कोणाचे वाक्य मध्ये तुटते, कोणाची संज्ञा दुसऱ्याच्या संज्ञेत रूपांतरित न होता वाया जाते, 'तुम्ही' आणि 'तू' ह्यांची वाटणी कशी होते, आणि शिक्षकाने गप्प केव्हा बसावे. एकाच रोग्याची हकीकत परिचर्येच्या, औषधनिर्माणाच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या शब्दांत सांगावी, वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शेवटी सांगावी, आणि दोन अध्यापकांनी, एक डॉक्टर व एक परिचारिका, केवळ शब्दांतील फरक टिपीत बसावे, एवढ्या साध्या पाठापासूनही सुरुवात करता येईल. असा पाठ घेणाऱ्या डॉक्टर-अध्यापकाला पहिल्या दहा मिनिटांत बोलण्याची अनावर इच्छा होते. तो मोह आवरणे हा त्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा समजण्यास हरकत नाही.

जामखेडला १९९२ साली सामुदायिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उघडण्यात आली. देशोदेशींचे डॉक्टर आणि परिचारिका तेथे शिकण्यासाठी येऊ लागले, आणि त्यांच्यापुढे ज्या उभ्या राहिल्या त्यांत खेड्यांतून आलेल्या त्या आरोग्यसेविका होत्या. त्या मराठीत बोलत. पाहुणे इंग्रजीत विचारीत, दुभाषी प्रश्न मराठीत आणी, आणि बाई उत्तर देईपर्यंत डॉक्टर थांबून राहत.